पीआर कार्ड हरवलं किंवा त्याची मुदत संपली, तर काय करायचं?

कॅनडात येऊन चार-साडेचार वर्षं झाली की मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: कार्डावरची तारीख जवळ आली, आता आपली पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा दर्जा (पर्मनंट रेसिडेन्स), जाणार का? उत्तर आधीच सांगून टाकतो. जात नाही. कार्डावरची तारीख ही फक्त कार्डाची मुदत आहे. कार्ड जुनं झालं, प्रवासात हरवलं, पाकिटासकट चोरीला गेलं, तरी कायम रहिवासी म्हणून तुमचा दर्जा होता तसाच राहतो. हे ठासून सांगायला हवं, कारण घाबरलेला माणूस घाईत चुकीचा फॉर्म भरतो, नको त्या माणसाला पैसे देतो, नाहीतर वर्षभर काहीच न करता काळजी करत बसतो.

दर्जा जाण्याची कारणं मोजकी आहेत. तुम्ही नागरिक झालात, स्वतःहून पीआर सोडलीत, देश सोडण्याचा आदेश तुमच्यावर लागू झाला, किंवा रहिवासाची अट पाळली नाही असा अधिकाऱ्याने निर्णय दिला आणि तो अपिलातही टिकला. यात कार्डाची तारीख कुठेच येत नाही.

मग कार्ड लागतं कशाला? मुख्यतः कॅनडात परत येताना. पीआर कार्ड २८ जून २००२ ला, नव्या इमिग्रेशन कायद्याबरोबर सुरू झालं. ३१ डिसेंबर २००३ पासून विमान, ट्रेन, बस किंवा बोटीने कॅनडात परतणाऱ्या पीआर माणसाला ते दाखवणं बंधनकारक झालं. मुंबईच्या विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला तुमचा दर्जा काय आहे याच्याशी कर्तव्य नसतं, तो वैध कार्ड मागतो. ते नसेल तर बोर्डिंग पास मिळत नाही. कॅनडाच्या आत राहून नोकरी करायला, घर भाड्याने घ्यायला किंवा टॅक्स भरायला मुदत संपलेलं कार्ड आड येत नाही. पीआर झाल्यावर मिळालेल्या सिन नंबरलाही, म्हणजे नोकरी आणि टॅक्ससाठी लागणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकालाही, मुदत नसते.

यावरून कोणी म्हणेल, प्रवासच करायचा नसेल तर रिन्यू कशाला करा? कायद्याने तसं चालतं. पण आपले आईवडील पुण्यात, नाशकात, सांगलीत आहेत. रात्री दोनला फोन येतो आणि सकाळी विमान पकडावं लागतं. अशा वेळी कपाटात वैध कार्ड असणं किती मोठा आधार असतो, ते ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनाच कळेल. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की मुदत संपायची वाट पाहू नका. कार्डाची मुदत नऊ महिन्यांपेक्षा कमी उरली की अर्ज करता येतो. तो दिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच टाकून ठेवा. त्याच्या आधी केलेला अर्ज, नाव बदलण्यासारखं कारण नसेल तर, परत येतो.

पहिलं काम: दिवस मोजणं

फॉर्म उघडण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. रहिवासाची अट अशी आहे: कोणत्याही पाच वर्षांच्या काळात किमान ७३० दिवस तुम्ही कॅनडात असायला हवं. ते सलग असायची गरज नाही. तुमच्या पीआरला पाच वर्षं होऊन गेली असतील, तर अर्जाच्या तारखेपासून मागे पाच वर्षं मोजली जातात. पाच वर्षांपेक्षा कमी झाली असतील, तर पहिली पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत तुमचे ७३० दिवस भरू शकतात की नाही, एवढंच पाहिलं जातं.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या अनेकांना लागू पडतो. लँडिंग करून, म्हणजे पीआर म्हणून कॅनडात पहिल्यांदा दाखल होऊन, कागद हातात घेऊन, मुंबईतली नोकरी किंवा मुलांची दहावी-बारावी पूर्ण करायला परत गेलेली कुटुंबं कमी नाहीत. समजा, लँडिंगनंतर आठवड्याभरात तुम्ही भारतात गेलात आणि पावणेतीन वर्षांनी कायमचे कॅनडात आलात. तुमची अट मोडलेली नाही. पण पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत हातात जेमतेम तीनएक महिन्यांची मोकळीक उरली आहे. त्या काळात दोन मोठ्या सुट्ट्या भारतात घालवल्या तर हिशोब बिघडतो.

मोजताना एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. दिवसाचा थोडा भाग जरी कॅनडात गेला असेल तरी तो पूर्ण दिवस धरला जातो. म्हणजे टोरंटोहून रात्री निघालात तो दिवस तुमचा, आणि परत उतरलात तोही तुमचाच.

प्रवासाच्या तारखा आठवणीतून लिहू नका. पासपोर्टवरचे भारतातले शिक्के, ईमेलमधली तिकिटं, बँकेच्या स्टेटमेंटमधले खर्च यांवरून यादी करा. कॅनडात येताना हल्ली यंत्रावर काम होतं आणि शिक्का बसतोच असं नाही, त्यामुळे नुसत्या पासपोर्टवर विसंबू नका. गोंधळ असेल तर सीमा सेवा खात्याकडे, म्हणजे सीबीएसएकडे, तुमच्या प्रवासाची नोंद मागता येते. त्यासाठी ऑनलाइन अर्ज असतो. २०२० पासून विमानाने देशाबाहेर जाणाऱ्यांचीही माहिती या खात्याकडे जमा होते. त्यामुळे ‘त्यांना कुठे कळणार’ हा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. नायगाऱ्याच्या पलीकडे बफेलोत दिवसभर खरेदी करून आलात, तीही देशाबाहेरची फेरी आहे आणि ती यादीत लिहायची.

देशाबाहेर राहूनही काही दिवस मोजले जातात. कॅनडाचा नागरिक असलेल्या पती, पत्नी किंवा जोडीदाराबरोबर तुम्ही बाहेर राहत असाल, किंवा मूल नागरिक असलेल्या आईवडिलांबरोबर राहत असेल, तर ते दिवस धरले जातात. कॅनडातल्या कंपनीने किंवा सरकारी खात्याने तुम्हाला पूर्णवेळ कामासाठी परदेशात नेमलं असेल, तर तेही धरले जातात.

इथे आयटीतल्या मंडळींसाठी थोडं थांबून सांगतो. टोरंटोच्या कंपनीचा पगार घेत, मॅनेजरची तोंडी परवानगी काढून, हिंजवडीच्या घरातून वर्षभर लॅपटॉपवर काम केलं, तर ते दिवस आपोआप कॅनडातले होत नाहीत. नियमाला अपेक्षित आहे ती कंपनीने स्वतःच्या कामासाठी केलेली पूर्णवेळ नेमणूक, आणि ती संपल्यावर कॅनडातल्या कामावर परत येणं. तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी तिकडे राहिलात, तर अधिकारी ते मान्य करेल या भरवशावर राहू नका. या समजुतीपायी माणसं विनाकारण अडचणीत येतात.

दिवस कमी भरत असतील तर काय? तुम्ही कॅनडात असाल तर सगळ्यात सरळ उपाय म्हणजे थांबणं. इथेच राहा, प्रवास टाळा, ७३० भरू द्या आणि मग अर्ज करा. मुदत संपलेलं कार्ड घेऊन कॅनडात राहणं बेकायदा नाही. थांबणं शक्यच नसेल आणि बाहेर राहावं लागण्यामागे खरंच गंभीर कारण असेल, म्हणजे घरातलं मोठं आजारपण किंवा मुलांच्या हिताचा प्रश्न, तर मानवतेच्या आधारावर विचार करा अशी विनंती कागदपत्रांसह करता येते. तिथे मात्र इमिग्रेशन वकिलाचा किंवा परवानाधारक सल्लागाराचा सल्ला घ्या. सल्लागार कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या संस्थेच्या यादीत आहे का, ते आधी तपासा. तारखा बदलून लिहिण्याचा मोह कितीही झाला तरी तसं करू नका. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होऊ शकतं आणि पीआरही जाते. दिवस कमी असण्यापेक्षा हे कितीतरी वाईट.

कार्ड हरवलं असेल तर

आधी घरात नीट शोधा, कारण हरवल्याचं कळवलं की ते कार्ड रद्द होतं. नंतर सोफ्याखाली सापडलं तरी त्यावर प्रवास करता येत नाही. शोधूनही मिळालं नाही की मग उशीर करू नका. इमिग्रेशन खात्याला, म्हणजे आयआरसीसीला, त्यांच्या वेबसाइटवरच्या वेब फॉर्मने किंवा फोनने कळवा. फोन नंबर १-८८८-२४२-२१०० आहे आणि तो कॅनडातूनच लागतो. चोरी झाली असेल तर पोलिसांतही तक्रार करा. त्यासाठी ९११ ला फोन करायचा नसतो. आपल्या शहराच्या पोलिसांचा साध्या तक्रारींचा वेगळा नंबर असतो, आणि बऱ्याच शहरांत अशी तक्रार ऑनलाइनही घेतात. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

त्यानंतर नव्या कार्डाचा अर्ज. तो रिन्यूअलसारखाच असतो, फक्त एक कागद जास्त लागतो: आयएमएम ५४५१ हा जाहीरनामा. कार्ड कधी, कुठे, कसं हरवलं आणि ते शोधायला तुम्ही काय केलं हे त्यात लिहायचं. साधं आणि खरं लिहा. ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात बसमध्ये पाकीट राहिलं, बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात चौकशी केली, मिळालं नाही’ इतकं पुरे. तारीख नक्की आठवत नसेल तर शेवटचं कधी पाहिलं ते लिहा. पोस्टाने पाठवलेलं कार्ड घरी पोचलंच नाही, तरी हाच कागद वापरतात.

अगदी नव्याने आलेल्यांसाठी इथेच एक सूचना. पहिलं कार्ड आपोआप येतं आणि त्याला फी नसते, पण लँडिंगनंतर १८० दिवसांच्या आत कॅनडातला पत्ता खात्याला कळवावा लागतो. सुरुवातीचे महिने कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये, मग दुसरीकडे, असे जातात आणि पत्ता कळवायचा राहून जातो. मग पहिल्याच कार्डासाठी फी भरून अर्ज करावा लागतो.

कागदपत्रं गोळा करणं

सगळं आधी एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा, मग फॉर्मला हात घाला. लागतं ते असं:

– सध्याच्या वैध पासपोर्टची प्रत. आणि पीआर झालात तेव्हा जो पासपोर्ट होता त्याचीही. जुना पासपोर्ट कधीही टाकू नका, हे त्याचं एक कारण.
– जुन्या पीआर कार्डाची प्रत, हाताशी असेल तर. कार्ड हरवलं असेल तर लँडिंगचा कागद, ज्याला सगळे सीओपीआर म्हणतात, त्याची प्रत खूप उपयोगी पडते.
– आणखी एक ओळखपत्र, उदाहरणार्थ ड्रायव्हिंग लायसन्स.
– कॅनडात राहिल्याचे किमान दोन पुरावे. टॅक्सची नोटीस ऑफ असेसमेंट सगळ्यात भक्कम, आणि ती सीआरएच्या, म्हणजे कर खात्याच्या, माय अकाउंटमधून काही मिनिटांत डाउनलोड होते. त्याशिवाय पे स्टब, नोकरीचं पत्र, घराचं लीज, बँक स्टेटमेंट.
– फोटो.
– फी भरल्याची पावती.
– कागदपत्रांची तपासणी यादी, आयएमएम ५६४४. कंटाळा येतो, पण ओळ न् ओळ वाचून खुणा करा. अर्ज परत येतात ते बहुधा काहीतरी जोडायचं राहिल्यामुळे.

पाच वर्षांत १,०९५ किंवा जास्त दिवस देशाबाहेर असाल, तर वर सांगितलेल्या अपवादांपैकी तुम्ही कशात बसता त्याचे वेगळे पुरावे जोडावे लागतात.

मराठीत असलेला कोणताही कागद, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला असो की राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतराशिवाय चालत नाही. भाषांतर अर्जदाराने स्वतः किंवा घरच्या माणसाने केलेलं नसावं. प्रमाणित अनुवादकाकडून करून घ्या, म्हणजे वेगळं प्रतिज्ञापत्र लागत नाही. मूळ कागदाची प्रतही सोबत जोडायची.

फॉर्म भरताना

मुख्य फॉर्म आयएमएम ५४४४. ही पीडीएफ मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये बहुधा उघडतच नाही, ‘थांबा’ असा संदेश दाखवत राहते. ती कॉम्प्युटरवर उतरवून अडोबी रीडरमध्ये उघडा.

यात सगळ्यात वेळखाऊ भाग पाच वर्षांच्या इतिहासाचा. राहण्याचे पत्ते आणि नोकरी-शिक्षण, दोन्हींत एका महिन्याचीही मोकळी जागा राहता कामा नये. दोन नोकऱ्यांच्या मधे तीन महिने घरी होतात, तर ‘बेरोजगार’ असं लिहायचं. बाळंतपणानंतर वर्षभर घरी होतात, तर ‘गृहिणी’. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि त्याने अर्जाचं नुकसानही होत नाही. नुकसान करते ती रिकामी ओळ.

मग देशाबाहेरच्या फेऱ्या. तुम्ही आधी केलेली यादी इथे कामाला येते. गेल्याची तारीख, आल्याची तारीख, ठिकाण, कारण, सगळं. फॉर्ममधल्या जागेत फेऱ्या बसल्या नाहीत तर वेगळा कागद जोडता येतो.

नावाचा भाग मराठी माणसाने जरा जास्त लक्ष देऊन भरावा. आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. कुणाच्या पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’मध्ये असतं, कुणाच्या नसतं. लायसन्सवर एक रूप, पासपोर्टवर दुसरं आणि लँडिंगच्या कागदावर तिसरं, असंही होतं. फॉर्ममध्ये पासपोर्ट आणि लँडिंगच्या कागदावर जसं आहे तसंच नाव लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि नवं नाव कार्डावर हवं असेल, तर आधी पासपोर्ट नव्या नावाने करून घ्या. भारतीय पासपोर्टचं हे काम कॅनडात राहूनच होतं. मग विवाह प्रमाणपत्रासह कार्डाचा अर्ज करा. एका नावाचा पासपोर्ट आणि दुसऱ्या नावाचं कार्ड घेऊन विमानतळावर उभं राहणं फार त्रासाचं होतं.

सगळं भरून झालं की फॉर्मवरचं ‘व्हॅलिडेट’ बटण दाबा. काही राहिलं असेल तर ते लाल रंगात दिसतं. सगळं बरोबर असेल तर बारकोडचं पान तयार होतं.

फोटो, फी आणि पाठवणं

फोटोचं माप ५० बाय ७० मिलिमीटर, आणि हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंत चेहरा ३१ ते ३६ मिलिमीटर. भारतातून आणलेले फोटो या मापात बसत नाहीत, घरी काढलेलेही नाहीत. फार्मसीतल्या किंवा मॉलमधल्या फोटोवाल्याला ‘पीआर कार्डासाठी’ असं स्पष्ट सांगा. मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव, पत्ता आणि तारीख हवी. ऑनलाइन अर्जात पुढची आणि मागची, दोन्ही बाजू स्कॅन करून चढवायच्या असतात. मागची बाजू बरेच जण विसरतात.

फी माणशी ५० डॉलर. ती खात्याच्या साइटवरच कार्डाने भरा आणि पावतीची पीडीएफ लगेच उतरवून ठेवा. गुगलवर शोधताना सरकारी वाटणाऱ्या खाजगी साइट्स वर येतात आणि याच कामाचे अनेक पट पैसे घेतात. पत्ता कॅनडा डॉट सीए असल्याची खात्री करूनच पुढे जा.

अर्ज पर्मनंट रेसिडेन्स पोर्टलवरून ऑनलाइन पाठवा. कागदी अर्ज हवा असेल तर तो नोव्हा स्कोशियातल्या सिडनीच्या केंद्रात जातो, पण माझं मत ऑनलाइनच्या बाजूने आहे. पोचल्याची खूण लगेच मिळते आणि टपालात काही गहाळ होत नाही. अर्ज करताना तुम्ही कॅनडात असायला हवं. पुण्यात बसून पोर्टलवर अर्ज टाकता येतो असं तांत्रिकदृष्ट्या वाटलं, तरी नियमात ते बसत नाही.

घरातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो, तान्ह्या बाळाचासुद्धा. कार्ड सगळ्यांना लागतं. १८ वर्षांखालच्या मुलांच्या फॉर्मवर आई किंवा वडील सही करतात, आणि नातं दाखवणारा जन्मदाखला जोडावा लागतो. मुलांच्या रहिवासाचा पुरावा म्हणून शाळेचं पत्र किंवा प्रगतिपुस्तक चालतं. कॅनडात जन्मलेलं मूल साधारणपणे नागरिकच असतं, त्याला पीआर कार्ड नसतं. त्याचा पासपोर्ट काढायचा.

तातडीने जायचं असेल तर

स्वतःचं किंवा घरच्यांचं गंभीर आजारपण, घरातला मृत्यू, नोकरीची संधी, एखादं संकट, आणि त्यासाठी येत्या तीन महिन्यांत प्रवास, अशा वेळी तातडीची प्रक्रिया मागता येते. लग्नसराई किंवा गणपतीला घरी जाणं यात बसत नाही, त्यासाठी वेळेवर अर्ज करणं हाच उपाय. अर्जासोबत प्रवासाची तारीख आणि ठिकाण दाखवणारं, पैसे भरलेलं तिकीट लागतं. कारण सांगणारं पत्र लागतं आणि कारणाचा पुरावाही: डॉक्टरांचं पत्र, हॉस्पिटलचे कागद, मृत्यूचा दाखला. भारतातल्या भावंडांना सांगून डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत, तारीख आणि सहीसह पत्र मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्पष्ट फोटोही सुरुवातीला उपयोगी पडतो.

अर्ज आधीच टाकलेला असेल आणि मधेच अशी वेळ आली, तर वेब फॉर्मने खात्याला हेच सगळं कळवून तातडी मागा. मात्र तातडी मान्य झाली तरी कार्ड प्रवासाआधी हातात पडेलच याची हमी कुणी देत नाही.

मग जायचं की नाही? आई अतिदक्षता विभागात असेल तर कार्डासाठी थांबू नका, जा. कॅनडातून बाहेर पडायला पीआर कार्ड लागत नाही. भारतात शिरायला तुमचा भारतीय पासपोर्ट पुरेसा आहे. अडचण परतीची आहे, आणि तिला रस्ता आहे.

कार्डाशिवाय भारतात असाल तर

त्या रस्त्याचं नाव पर्मनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट, सगळे त्याला पीआरटीडी म्हणतात. कॅनडाबाहेर असलेल्या पीआर माणसाला परत येण्यासाठी हे दिलं जातं. बहुधा ते एकाच प्रवासासाठी असतं. फॉर्म आयएमएम ५५२४, फी ५० डॉलर, अर्ज ऑनलाइन. पासपोर्टची प्रत, फोटो आणि रहिवासाचे पुरावे इथेही लागतात. मंजुरी आली की पासपोर्ट मुंबईसारख्या शहरांतल्या व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचं काम बघणाऱ्या कंपनीच्या, केंद्रात द्यायचा, त्यावर स्टिकर लागून तो परत मिळतो. भारतात पोचल्यावर पहिल्याच दोन दिवसांत अर्ज टाका, परतीच्या आठवड्यापर्यंत वाट पाहू नका. रहिवासाचे सगळे पुरावे ईमेलवर किंवा क्लाउडवर असतील तर हॉस्पिटलच्या बाकावर बसूनही हे काम होतं. म्हणून निघण्याआधी अर्धा तास काढून ते चढवून ठेवा.

कार्ड भारतातच हरवलं किंवा चोरीला गेलं, तर जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत घ्या, वेब फॉर्मने आयआरसीसीला कळवा आणि पीआरटीडीचा अर्ज करा. पासपोर्टही गेला असेल तर आधी पासपोर्ट सेवा केंद्रात नवा पासपोर्ट, मग पीआरटीडी. टुरिस्ट व्हिसा काढून येतो असं कोणी सुचवेल. ते होत नाही, पीआर असलेल्या माणसाला व्हिजिटर व्हिसा मिळत नाही.

अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांना आणखी एक मार्ग आहे. अमेरिकेत उतरायचं आणि खाजगी गाडीने, उदाहरणार्थ बफेलोहून पीस ब्रिजने किंवा डेट्रॉइटहून अँबॅसेडर ब्रिजने, सीमेवर यायचं. तिथे पासपोर्ट आणि सीओपीआर दाखवून तुम्ही पीआर आहात हे अधिकाऱ्याला पटलं, तर तो तुम्हाला आत घेतो, कायद्याने त्याला घ्यावंच लागतं. बस किंवा ट्रेनने मात्र हे जमत नाही. आणि दिवस कमी असतील तर सीमेवरही रहिवासाची चौकशी होऊ शकते, हे लक्षात ठेवूनच हा मार्ग घ्या.

पीआरटीडी नाकारलं गेलं, कारण अधिकाऱ्याच्या मते ७३० दिवस भरत नाहीत, तरीही तिथेच सगळं संपत नाही. निर्णय मिळाल्यापासून ६० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं. निर्णय कॅनडात येताना सीमेवर झाला आणि देश सोडण्याचा आदेश निघाला, तर मुदत ३० दिवसांची. मागच्या ३६५ दिवसांत एकदा तरी तुम्ही कॅनडात होतात आणि अपील केलंत, तर अपिलासाठी परत येण्याकरता पीआरटीडी मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. हा मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. तुमच्या ओळखीत कोणी या परिस्थितीत असेल तर त्यांना आवर्जून सांगा, आणि मुदत उलटायच्या आत वकील गाठायला सांगा.

अर्ज गेल्यानंतर

किती दिवस लागतात ते महिन्यागणिक बदलतं. आयआरसीसीच्या साइटवर चालू आकडा असतो, तोच पाहा. कुणाचं कार्ड महिन्यात आलं म्हणून तुमचंही येईल असं नाही. काही अर्ज जास्त तपासणीसाठी बाजूला काढले जातात, तेव्हा आणखी कागद मागवतात. ईमेलच्या स्पॅम फोल्डरकडेही लक्ष ठेवा, कारण उत्तराला मुदत असते. मधल्या काळात घर बदललं तर पत्ता लगेच कळवा. कार्ड कॅनडातल्या पत्त्यावरच येतं.

नागरिकत्वाच्या अर्जाच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. पाच वर्षांत १,०९५ दिवस भरले की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि त्यासाठी वैध पीआर कार्ड असलंच पाहिजे असं नाही. तरी शपथविधीपर्यंत तुम्ही पीआरच असता आणि तोवर परदेशी गेलात तर परतायला कार्ड लागतं. त्यामुळे शपथेची तारीख हातात नसेल, तर ५० डॉलर खर्चून कार्ड रिन्यू करून ठेवा असंच मी सांगेन.

नवं कार्ड आलं की पाकिटात टाकण्याआधी नाव, जन्मतारीख, लिंग आणि फोटो नीट पाहा. चूक खात्याकडून झालेली असेल तर दुरुस्तीला पुन्हा फी पडत नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, एक प्रत घरी आणि एक भारतातल्या विश्वासू माणसाकडे असू द्या. कार्ड रोजच्या पाकिटात बाळगायची गरज नाही. ते पासपोर्टबरोबर ठेवा आणि प्रवासालाच बाहेर काढा.